प्रवराकाठची दरड वाचायची कशी

पंचवीस वर्षं मी वर्गात एक गोष्ट चुकीची शिकवली.

आमची शाळा संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या काठाला. शाळेपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर घळयांचं रान लागतं. आठ-आठ, दहा-दहा मीटर खोल, एकीतून दुसरी फुटलेली, उन्हात पिवळट दिसणारी. दरवर्षी नववीची पोरं घेऊन मी तिथे जायची, त्यांना काठावर उभं करायची आणि सांगायची, "बघा, झाडं तोडली, गुरं बेसुमार चारली, म्हणून जमिनीची ही दशा झाली." पोरं लिहून घ्यायची. परीक्षेत तो प्रश्न दोन गुणांना हमखास. एका वर्षी एक पोरगी घळईच्या तळाशी उतरली आणि खालूनच ओरडली, "बाई, घळई आत्ता पडली म्हणता, मग हा वड इथं कधी आला?"

वड चांगलाच जुना होता. पारंब्या जमिनीत शिरून त्यांचीच खोडं झाली होती. शेळ्या चारणारे आबा सावलीत बसलेले. ते म्हणाले, "माझ्या आज्यानं पण ह्यो असाच पाह्यलाय." मी उत्तर दिलं नाही. शिट्टी वाजवली आणि पोरांना डबे सोडायला सांगितलं.

त्या वडानं मला पुढची दहा वर्षं कामाला लावलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शरद राजगुरूंसारख्या अभ्यासकांनी आपल्या नद्यांच्या काठांवर हयात घालवली आहे. त्यांचं जे मिळेल ते वाचलं, आणि वाचलेलं दरडीवर ताडून पाहिलं. एवढं कळलं की घळयांचं बरंचसं काम नदीनं आणि पावसानं माणसाला न विचारता, हजारो वर्षांत केलेलं आहे. माणसाचा हात बघायचा तर तो शेजारच्या सपाट रानात दिसतो. म्हणजे ज्याच्याकडे मी बोट दाखवत होते ते जुनं, आणि ज्याच्यावर उभी राहून बोट दाखवत होते ते नवं.

आता मी निवृत्त आहे. गुडघे कुरकुरतात, पण कुणी आलं की अजून जाते. येणाऱ्याला जे दाखवते तेच इथे लिहिते. ही पद्धत प्रवरेवर बसवलेली आहे. घोड, कुकडी, भीमा, गोदावरी अशा काळ्या पाषाणावरून वाहणाऱ्या देशावरच्या नद्यांना ती थोड्या फरकानं चालेल. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर चालणार नाही, तिथलं गणितच निराळं.

निघण्याआधी

जानेवारी ते मार्च हा काळ धरा. दिवाळीपर्यंत दरडीवर गवत असतं, काही दिसत नाही, आणि एप्रिलनंतर आमच्या नगर जिल्ह्याचं ऊन (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही) डोकं चालू देत नाही. सकाळी साडेआठच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. तिरप्या उन्हात थरांच्या कडा आपोआप उठून दिसतात. भर दुपारी तीच दरड एकसारखी पिवळी भिंत वाटते.

सोबत घ्या: टेप, खुरपं, लिंबू, पाण्याची बाटली, झाकणाची एक काचेची बरणी, वही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी मिळाली तर फारच उत्तम. आणि गावातलं एखादं म्हातारं माणूस. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याच्यासाठी तंबाखू नाही तरी चहाची सोय ठेवा.

दोन गोष्टींची भीती मात्र मनात असू द्या. दरडीच्या पोटाखाली उभं राहून वर बघायचं नाही. काठावर पावलाएवढ्या अंतरावर समांतर भेग दिसली तर तो तुकडा पडायला टेकलेला आहे. दुसरं, नदीत उतरण्याआधी आवर्तन कधी सुटणार ते पाटकऱ्याला विचारा. आभाळ कोरडं ठणठणीत असताना वरच्या धरणातून पाणी येतं आणि मधल्या खडकावर आपण अडकून बसतो. मी अडकले आहे, दोन तास, नववी ब सकट.

आणखी एक काम घरी बसून होतं, ते आधी उरकून घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाचे नकाशे उतरवून घेता येतात. त्यात समोच्च रेषा २० मीटरच्या अंतरानं असतात, म्हणून दहा मीटरची घळई रेषेत सापडणार नाही. नदीकाठाला तुटक्या जमिनीची बारीक खूण असते, ती शोधा. मग गूगल अर्थवर तीच जागा काढून जुन्या सालांची चित्रं मागे मागे सरकवा. आणि तिसरं, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: सातबारा. त्यात 'पोटखराबा' म्हणून जे क्षेत्र लावलेलं असतं ते मोजणीच्या वेळी पिकाखाली येण्यासारखं नव्हतं. एखाद्या गटात तीस गुंठे पोटखराबा आहे आणि आज तिथे बांधापासून बांधापर्यंत ऊस उभा आहे, तर ते तीस गुंठे कुठे गेले हा प्रश्न घेऊनच शेतावर जायचं.

दरड खालून वर वाचायची

सगळे जण वरून बघायला सुरुवात करतात, कारण आपण वरच उभे असतो. ते टाळा. नदीची नवी कापलेली, ताजी दरड शोधा, सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि पायथ्यापासून वर नजर न्या. खुरप्यानं एक वीतभर रुंदीची पट्टी खरवडून साफ करा. बाहेरचा वाळलेला लेप खोटं बोलतो.

तळाशी काळा पाषाण असतो, तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. त्याच्याकडे आज फक्त पाया म्हणून बघायचं. त्यावर बऱ्याच ठिकाणी गोट्यांचा थर असतो, आणि तो सुटा नसतो. गोटे एकमेकांना चुन्यानं असे जखडलेले असतात की पोरं विचारतात, बाई, इथे कुणी स्लॅब टाकला होता का. एवढे मोठे गोटे वाहून आणणारी नदी जोरात असली पाहिजे, हे त्यातून कळतं. प्रवरेच्याच काठी, खाली नेवाशाला, १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना अशाच जखडलेल्या गोट्यांमध्ये अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली.

त्याच्या वर मग येतो आपल्या घळयांचा खरा मालक: पिवळट-तपकिरी बारीक मातीचा जाड थर. कुठे पाच मीटर, कुठे पंधरा. हाताला पिठासारखा. त्यात पांढऱ्या गाठी दिसतील, हरभऱ्यापासून बटाट्याएवढ्या. हीच आपली चुनखडी. पूर्वी बायाबापड्या ती वेचून भट्टीवाल्याला विकायच्या, भाजून चुना करायला. एक गाठ घ्या, खुरप्यानं थोडी खरवडून भुकटी करा आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. न खरवडता पिळलं तर काही होत नाही आणि पोरं तुम्हाला हसतात.

ही गाठ हवामानाची नोंद आहे. पाषाण झिजताना त्यातला चुना मोकळा होतो. पाऊस भरपूर असेल तर तो विरघळून पाण्याबरोबर निघून जातो. पाऊस कमी आणि ऊन जास्त असेल तर पाणी उडतं, चुना मातीतच साठतो. म्हणून चुनखडीचा दाट पट्टा दिसला की समजायचं, इथे बराच काळ कोरडा गेला आणि जमीन त्या काळात फारशी हलली नाही.

अभ्यासकांनी जुळवलेली गोष्ट साधारण अशी आहे. शेवटच्या हिमयुगाच्या सर्वांत थंड काळात, आजपासून वीसेक हजार वर्षांच्या आगेमागे, आपल्याकडचा मोसमी पाऊस मंदावला होता. नद्यांच्या अंगात गाळ पुढे ढकलायचा जोर नव्हता, त्या आपल्याच पात्रात गाळ टाकत भरत गेल्या. पुढे पावसानं पुन्हा जोर धरला, साधारण दहा हजार वर्षांपूर्वी, आणि नदी स्वतःच भरलेली जमीन कापत खाली उतरली. मुख्य नदी खाली गेली की तिला मिळणाऱ्या प्रत्येक ओघळाला वरून खाली उडी मारावी लागते. ती उडी पावसागणिक मागे मागे सरकते, रानात शिरते, तिला फाटे फुटतात. घळया या अशा पडतात. कुऱ्हाडीची त्यांना वाट बघावी लागली नाही.

प्रवरेच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. ही नदी उगम पावते रतनगडाच्या बाजूला. त्याच डोंगररांगेत घाटघरला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आमच्या संगमनेरला पाचशेच्या आसपास. म्हणजे नदी घाटमाथ्याच्या पावसावर जगते आणि तिच्या काठच्या घळया आमच्या तुटपुंज्या पावसावर. घाटातला पाऊस थोडा कमी-जास्त झाला तरी त्याचा हिशेब खाली आमच्या कोरड्या रानात मांडला जातो. दरड बघताना हे डोक्यात ठेवा, नाहीतर गावचा पाऊस बघून नदीचं कारण शोधत बसाल.

कुकडीकाठी गेलात तर जुन्नर तालुक्यातल्या बोरीजवळ एक वेगळाच थर आहे: ज्वालामुखीची बारीक राख. बरेच जण ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या ७४,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटाची मानतात, काही अभ्यासक ती त्याहून फार जुनी असल्याचं सांगतात. वाद अजून आहे. पण इतक्या लांबून उडालेली राख आपल्या नदीकाठी मुठीत घेता येते, एवढ्यासाठीसुद्धा ती वाट करावी.

जुनी घळई आणि नवी घळई

इथे बहुतेक जण चुकतात, म्हणून थोडं थांबून सांगते.

जुन्या घळईच्या भिंती कलत्या असतात. उतारावर चुनखडीचे खडे पसरलेले असतात, कारण माती वर्षानुवर्षं धुऊन गेली आणि खडे मागे राहिले. तळ रुंद असतो, त्यात झाडं असतात, बऱ्याचदा आडव्या दगडी ताली घातलेल्या असतात आणि ताली मागे मातीची छोटी खाचरं. ताल बांधणाऱ्याला घळई आधीच भेटलेली होती, हे उघड आहे.

नव्या घळईच्या भिंती उभ्या. वरच्या काठावरून गवताची मुळं सुतासारखी लोंबतात. तोंडाशी ताज्या मातीचा पंखा पसरलेला असतो. आणि तिच्या वरच्या टोकाला एक छोटी उडी असते, गुडघ्याएवढी किंवा कमरेएवढी, पावसाळ्यात जिथून पाणी कोसळतं. या टोकाच्या मागे जाऊन बघा. मागे नेहमी काहीतरी असतं. रस्त्याची मोरी, शेततळ्याचा सांडवा, फुटलेला बांध, चारीतून रात्रभर सुटलेलं पाणी. माझ्या वहीत नोंदलेल्या अकरा नव्या घळयांपैकी आठ मोरीच्या तोंडाशी सुरू झालेल्या आहेत. रस्ता करताना तीन ठिकाणचं पाणी एका नळात कोंबलं आणि ते ज्याच्या शेतात सोडलं त्याचं नशीब फुटलं.

अवघड प्रकार तिसरा: जुन्या घळईच्या पोटात नवी घळई. रुंद, झाडीनं भरलेला तळ आणि त्याच्या मधोमध सुरीनं चिरल्यासारखी खोल चर. अशी चर दिसली की खाली नदीपर्यंत चालत जा, कारण तिचं मूळ बहुतेक खाली असतं. ते पुढे येईलच.

कोणी कोणाला कापलं

वय ठरवण्याचा सगळ्यात स्वस्त नियम एकच: जे कापलं गेलं ते आधीचं, ज्यानं कापलं ते नंतरचं. घळईच्या काठावर थर अचानक तुटलेला असेल तर थर जुना, घळई नंतरची. थर घळईच्या आत उतरून भिंतीला टेकून बसला असेल तर घळई जुनी, थर नंतरचा.

हे कामाला येतं पांढरीपाशी. आपल्याकडे काळी म्हणजे शेतीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीचं टेकाड ओळखणं सोपं: माती राखट, भुरी, भुसभुशीत, चुलींची राख आणि पडक्या भिंती मिसळून झालेली. धाब्याच्या घरांवर टाकायला लोक तीच माती नेत. त्यात खापरं असतात. बहुतेक अलीकडच्या मडक्यांची निघतात. पण लाल अंगावर काळ्या रेघांची नक्षी असेल आणि नखानं टिचकी मारल्यावर खणखणीत वाजत असेल, तर जपून खाली ठेवा. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, त्यावरून ही खापरं 'जोर्वे' म्हणूनच ओळखली जातात; ती साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची आहेत. फोटो काढा, शेजारी टेप ठेवा, जागा लिहा, आणि खापर तिथेच सोडा. जागेवरून उचललं की ते नुसतं खापर उरतं.

आता बघा, असं टेकाड घळईच्या काठावर अर्धं कापलेलं दिसलं तर घळईचं ते टोक गेल्या तीन हजार वर्षांत तिथवर आलं. आणि घळईच्या आत बसलेल्या गाळात, तळाजवळ, तशी खापरं थरात रुतलेली दिसली तर घळई त्याआधीची. मी दोन्ही पाहिली आहेत, अर्ध्या किलोमीटरच्या आत. एकाच रानातल्या दोन घळयांचं वय सारखं असेल असं मानू नका.

नदीत हात घालणं हेही काही आजचं नाही. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या) लोकांनी दगडामातीचा बांध घालून पाट काढलेला सापडला. त्यांच्या शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी त्यामागे दुष्काळाचं कारण मांडलं. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ते गाव उठलं.

गावातली घड्याळं

प्रयोगशाळा नसली तरी वेग मोजता येतो. साल माहीत असलेली कोणतीही वस्तू घड्याळ होते.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागात हजारो हातांनी पाझर तलाव आणि नालाबांध झाले. माझी आई खडी फोडायला होती. त्या तलावांच्या पोटात तेव्हापासूनचा गाळ साठलेला आहे. कुणी गाळ काढत असेल तेव्हा जाऊन उभे राहा: काळी-पिवळी गाळमाती कुठे संपते आणि मूळ मुरूम कुठे लागतो हे खड्ड्याच्या भिंतीत स्वच्छ दिसतं. आमच्या तलावात २०१८ साली मधोमध १ मीटर ८० सेंटिमीटर गाळ भरला. पंचेचाळीस वर्षांत एवढा, म्हणजे वर्षाला चार सेंटिमीटर. हा आकडा तलावातल्या गाळाचा आहे, रानातल्या झिजेचा नव्हे. सगळ्या पाणलोटातली माती त्या एवढ्याशा खळग्यात येते, हे विसरलात तर घाबरून जाल.

रानातल्या झिजेसाठी झाड बघा. शाळेच्या उतारावर १९९२ साली आम्ही कडुनिंब लावले होते. लावताना जमीन जिथे होती तिथे खोडाला किंचित फुगीर गळा असतो. २०२२ साली त्या गळ्यापासून आजच्या जमिनीपर्यंत मी टेप लावला: २४ सेंटिमीटर. मुळं उघडी, पोरं त्यांवर बसून डबे खातात. वर्षाला ८ मिलिमीटर. पोरांच्या पायांचा वाटा त्यात किती, हे वेगळं काढता येत नाही, म्हणून एका झाडावर विसंबायचं नाही. दहा झाडं मोजा, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा बाजूला ठेवा.

तिसरं घड्याळ हसण्यासारखं आहे, पण मी त्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवते. नदीच्या कडेला नव्या गाळाचे थर असतात, खाली रेती वर चिखल, पुन्हा रेती पुन्हा चिखल, एकेका पुराची एकेक जोडी. त्यात प्लॅस्टिक शोधा. दुधाची पिशवी, शाम्पूची पुडी, गुटख्याची पुडी. छापलेली तारीख वाचता आली तर त्यावरचा थर त्या तारखेनंतरचा, यात वाद नाही. गुटख्यावर बंदी २०१२ साली आली. पुड्या मात्र त्याच्या वरच्या थरांतही भरपूर आहेत, म्हणून गुटख्याचं घड्याळ बंदीच्या साली थांबतं असं समजू नका.

बरणीचं काम इथेच करून घ्या. एक मूठ गाळ, तीन भाग पाणी, खळाखळा हलवून ठेवून द्या. रेती मिनिटभरात तळाला बसते, चिकण माती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. दोन थरांच्या बरण्या शेजारी ठेवल्या की कोणता पूर जोराचा होता ते वेगळं सांगावं लागत नाही.

सपाट रान

आता घळईकडे पाठ करा.

काठावरची एकदम सपाट, चौकोनी, बांध सरळ रेषेत असलेली शेतं बघा. नदीकाठच्या जमिनीला निसर्गतः नदीकडे हलका उतार असतो, आणि ओघळांच्या कपाळावरच्या आठ्या असतात. आठ्या नसलेली जमीन म्हणजे कुणीतरी इस्त्री फिरवली आहे. पूर्वी बैलांच्या केणीनं हे काम पिढीभर चालायचं. जेसीबी आल्यापासून आठवड्यात उरकतं.

आमच्या धाकट्या भावानं २००९ साली दोन एकर घळया सपाट केल्या. मी विरोध केला होता. तो म्हणाला, "आक्का, तुला घळईत भूगोल दिसतो, मला वीस पोती सोयाबीन दिसतं." पहिली दोन वर्षं त्याचं खरं होतं. तिसऱ्या वर्षी एका रात्रीत मोठा पाऊस झाला आणि सकाळी शेताच्या मधून, भरून टाकलेल्या घळईच्याच रेषेत, छाताडाएवढी चर पडलेली. मुळात ती माती पाणी लागलं की विरघळते; त्यात भराव पोकळ, खाली पाणी मुरायला मोकळं. वरून शेत शाबूत दिसत होतं आणि आतून बोगदा तयार होत होता. वहिनी म्हणाल्या, आदल्या आठवड्यात पाण्याची बारी देताना पाणी एका भोकात गुडूप होत होतं, आम्हाला वाटलं उंदरानं उकरलं.

म्हणून सपाट केलेलं रान ओळखायच्या खुणा लिहून ठेवा. नांगरटीनंतर रंगाचे पट्टे: काळीच्या मधून पिवळ्या मातीची नागमोडी रेघ, तीच बुजवलेली घळई. तेवढ्याच पट्ट्यात पीक बुटकं, पिवळं. खालची चुनखडीची माती वर आलेली असते. पृष्ठभागावर चुनखडीचे खडे, जे खरं तर चार मीटर खाली असायला हवे होते. बांधाच्या खालच्या अंगाला मुठीएवढी भोकं. आणि जुना वड किंवा बाभूळ, खोडाचा गळाच दिसत नाही, जणू खांबासारखा जमिनीतून वर आलेला: त्याच्या बुंध्याशी भराव पडला आहे.

पाटाच्या पाण्याखालच्या भागात आणखी एक खूण. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि खालच्या अंगाला प्रवरेचं खोरं उसाचं झालं; सहकारी साखर कारखानदारीची सुरुवातही याच खोऱ्यातली, प्रवरानगरची. पाणी वर्षानुवर्षं मुरत राहिलं तिथे खोलगट भागात जमीन क्षारपड होते. हिवाळ्यात सकाळी मिठासारखा पांढरा थर, पायाखाली फुसफुशीत, त्यावर फक्त लव्हाळा. हा पांढरा आणि चुनखडीचा पांढरा यांत गल्लत करू नका. चुनखडी दुष्काळाची नोंद आहे, क्षारपड जमीन अतिपाण्याची.

शेवटी नदीत उतरा

पात्र सगळ्यात पटकन बदलतं. पुलाच्या खांबांकडे बघा: जाड पाया पाण्याच्या वर उघडा पडला असेल तर पात्र खाली गेलं आहे. जुन्या घाटाची शेवटची पायरी हवेत लटकत असेल तर तेच. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, लहानपणी उन्हाळ्यात झिरा किती खोल खणला की पाणी लागायचं. आमच्याकडे उत्तर होतं "कोपरभर". आज तिथे वाळूच नाही, उघडा पाषाण आहे.

दोन कारणं आहेत, आणि दोन्ही माणसाची. धरणात गाळ बसून राहतो, खाली सुटणारं पाणी नितळ असतं आणि ते पुढच्या पात्रातलीच माती-वाळू उचलतं. दुसरं कारण रात्री ट्रॅक्टरनं येतं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, मला याच गावात राहायचं आहे. पण भूगोल एवढा: पात्र दोन मीटर खाली गेलं की प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी दोन मीटरची नवी उडी तयार होते, आणि ती उडी वर वर चढत जुन्या घळईच्या तळात शिरते. जुन्या घळईच्या पोटातली ती चिरलेली चर इथून निघालेली असते. खालून वर चालत गेलात तर एखाद्या ठिकाणी ती संपलेली सापडेल. ती जागा वहीत नोंदवा, कारण पुढच्या वर्षी ती तिथे नसेल.

आमच्या वडापासून ती उडी यंदा चाळीस पावलांवर आहे. मागच्या संक्रांतीला त्रेपन्न होती.

मोजायला मी आधी लोखंडी सळया ठोकल्या होत्या, बारा. सात भंगारात गेल्या. मग बांबूच्या खुंट्या केल्या, त्या वाळवीनं खाल्ल्या. आता काठावरच्या दोन पक्क्या दगडांवर रंगाचा ठिपका देते आणि तिथून टेप लावते. फोटो त्याच दगडावर उभं राहून, त्याच महिन्यात, शेजारी माणूस उभा करून काढायचा, म्हणजे उंचीचा अंदाज राहतो. माझ्या फोटोंत दरवर्षी आबा उभे असायचे. गेली दोन वर्षं त्यांचा नातू असतो. तो आबांपेक्षा अर्धा वीत उंच आहे, तेवढं हिशेबात धरावं लागतं.